रॉकेटांमुळे पृथ्वीचे परिवलन मंदावते काय?

"पूर्वेकडे सोडलेले प्रत्येक रॉकेट पृथ्वीच्या फिरण्यातला थोडा वेग काढून नेते, म्हणून दिवस लांबत चालला आहे, आणि १९७२ पासून घड्याळात वाढवलेले लीप सेकंद (घड्याळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळते ठेवण्यासाठी अधूनमधून मिळवलेले जादा सेकंद) हा त्याचाच पुरावा आहे," असा संदेश कोनीय संवेग अक्षय्यतेच्या नियमाचा दाखला देऊन पसरवला जातो. फिरणाऱ्या वस्तूचा कोनीय संवेग, म्हणजे सोप्या भाषेत तिच्या फिरण्याचा जोर, एकूण कायम राहतो, तो फक्त एकीकडून दुसरीकडे जाऊ शकतो, असे हा नियम सांगतो. नियम निर्विवाद आहे. हिशेब मात्र चुकला आहे.

पहिला मुद्दा वेग काढून नेण्याचा. श्रीहरिकोट्याच्या प्रक्षेपण मंचावर उभे असलेले रॉकेट पृथ्वीबरोबर सेकंदाला सुमारे ४५० मीटर वेगाने पूर्वेकडे जातच असते. उड्डाणानंतर हा वाटा त्याच्याकडेच राहतो. पण त्या संवेगाबरोबर त्याचे वस्तुमानही पृथ्वीपासून वेगळे झालेले असल्याने केवळ तेवढ्यामुळे पृथ्वीची गती बदलत नाही. परिणाम होतो तो रॉकेटाने पश्चिमेकडे फेकलेल्या वायूंमुळे, कारण ते वातावरणात मिसळतात आणि वातावरणाचे जमिनीशी होणारे घर्षण त्यांचा उलटा संवेग पृथ्वीपर्यंत पोहोचवते. म्हणजे दाव्यात तथ्याचा अंश आहे, आणि तो नाकारणे अशास्त्रीय ठरेल.

परंतु तो अंश केवढा? चार टनांचा उपग्रह पृथ्वीनजीकच्या कक्षेत नेताना त्याला द्यावा लागणारा कोनीय संवेग, एसआय (आंतरराष्ट्रीय मापन पद्धतीच्या) एककांत, सुमारे २ × १०^१४ इतका असतो, पृथ्वीचा ५.९ × १०^३३ आहे. या गुणोत्तराने दिवस सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम तिप्पट लांबतो. शिवाय तोच उपग्रह पुढे वातावरणात शिरून जळाला, की उरलेला संवेगही परत करतो.

दिवस दीर्घकाळात खरोखरच लांबत आहे, शतकाला सुमारे १.७ मिलिसेकंदांनी. त्याचे प्रमुख कारण भरती-ओहोटी आहे: तिच्यामुळे पृथ्वीचा संवेग चंद्राकडे जातो आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या डेव्होनियन काळातील प्रवाळांच्या जीवाश्मांवरील रोजच्या वाढीच्या रेषा तेव्हाच्या वर्षात सुमारे ४०० दिवस असल्याचे, म्हणजेच दिवस आजच्यापेक्षा लहान असल्याचे दाखवतात. तेव्हा कोणती रॉकेटे उडत होती?

लीप सेकंदांचा पुरावा तर दाव्याच्या विरुद्धच जातो. २०१६ च्या अखेरीस २७वा लीप सेकंद वाढवल्यानंतर पृथ्वी किंचित वेगाने फिरू लागली आणि ५ जुलै २०२४ हा दिवस २४ तासांपेक्षा १.६६ मिलिसेकंदांनी लहान भरला, आणि त्याच वर्षी जगभरातून दोनशेहून अधिक रॉकेटे अवकाशात झेपावली.