मुसोलिनीनं इटलीला विश्वचषक जिंकून दिला नव्हता

‘फुटबॉल सुधारायचा तर देशाला हुकूमशहाच लागतो’ असं सांगणारा एक मजकूर सध्या सोलापुरातल्या पालकांच्या, माजी विद्यार्थ्यांच्या आणि मैदानावरच्या पोरांच्याही ग्रुपवर फिरतोय. त्यातले दावे असे: मुसोलिनीनं ‘जिंका नाहीतर मरा’ अशी तार केली आणि इटलीनं दोन विश्वचषक जिंकले. अर्जेंटिनात लष्कर आलं आणि दोन वर्षांत देश जगज्जेता झाला. ब्राझीलचा १९७०चा जगज्जेता संघही लष्करी राजवटीतलाच. भारत लोकशाहीमुळे मागे राहिला. सद्दामच्या मुलानं फटके दिले म्हणून इराक विश्वचषकाला पोचलं, तेव्हा आपल्या पोरांनाही वचक हवा.

आधी इटली. त्या तारेचा भक्कम पुरावा कुणीच दाखवलेला नाही, पण ती घटकाभर खरी धरू. १९३४ आणि १९३८ या दोन्ही वेळी संघ बांधला प्रशिक्षक व्हित्तोरिओ पोझ्झो यांनी. त्यांनी १९१२च्या ऑलिंपिकमध्येच इटलीच्या संघाची सूत्रं सांभाळली होती, मुसोलिनी सत्तेवर येण्याच्या दहा वर्षं आधी. १९३४च्या अंतिम सामन्यात रोममध्ये चेकोस्लोव्हाकिया १-०नं पुढे होता. शेवटच्या दहा मिनिटांत बरोबरी साधणारा गोल केला राइमुंडो ओर्सीनं. हा ओर्सी अर्जेंटिनात जन्मला, तिथंच फुटबॉल शिकला. त्याच इटली संघातला लुईस माँटी तर १९३०चा अंतिम सामना अर्जेंटिनाकडून खेळला होता. म्हणजे ज्या पायांवर इटली जिंकली, त्यातले काही ब्युनोस आयरीसच्या मैदानांवर तयार झालेले होते. घरचं मैदान होतं, स्वतः मुसोलिनी प्रेक्षकांत बसलेला होता आणि स्पेनविरुद्धच्या फेरसामन्यातल्या स्विस पंचावर नंतर त्याच्याच देशाच्या संघटनेनं बंदी घातली. राजवटीचा हात शोधायचाच असेल तर तो इथं शोधावा. खेळ शिकवण्यात तो कुठंच दिसत नाही.

१९३८चा विश्वचषक तर या दाव्याला थेट छेद देतो. त्या वर्षी मार्चमध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळंकृत केला. विश्वचषकासाठी पात्र ठरलेला ऑस्ट्रियाचा संघ, तेव्हाच्या युरोपातल्या सगळ्यात देखण्या संघांपैकी एक, एका फटक्यात संपला. जर्मन आणि ऑस्ट्रियन खेळाडू मिसळून खेळवायचे असा प्रशिक्षक सेप हेरबेर्गर यांना वरून हुकूम आला. दोन तगडे संघ एकत्र केले की अजिंक्य संघ होतो, हा हुकूम देणाऱ्यांचा हिशेब. प्रत्यक्षात दोन वेगळ्या शैलींत वाढलेले खेळाडू एकमेकांना पासही धड देऊ शकले नाहीत. स्वित्झर्लंडशी पहिला सामना १-१, फेरसामन्यात २-० अशी आघाडी घेऊनही २-४नं हार, पहिल्याच फेरीत गच्छंती. ऑस्ट्रियाचा आघाडीवीर, व्हिएन्नाचा लाडका माथियास सिंडेलार जर्मनीकडून खेळायला तयार झाला नाही. जानेवारी १९३९मध्ये तो घरात मृतावस्थेत सापडला. ग्रुपवर फिरणाऱ्या मजकुरात या संघाचं नावही नाही.

अर्जेंटिनातलं लष्करी बंड मार्च १९७६चं, विश्वचषक जून १९७८चा. पण प्रशिक्षक सेझार लुईस मेनोत्ती १९७४पासूनच संघ घडवत होते आणि ते डाव्या विचारांचे होते. अंतिम फेरीसाठी पेरूला निदान चार गोलांनी हरवणं गरजेचं होतं, अर्जेंटिना ६-०नं जिंकला. पेरूतही तेव्हा लष्करी राजवटच होती. त्या निकालावरचा संशय आजही पुसलेला नाही. अंतिम सामना झाला त्या मैदानापासून जवळच नौदलाच्या शाळेत छळछावणी चालू होती. वाचलेल्या कैद्यांनी सांगितलंय की मैदानातला जल्लोष त्यांना कोठडीत ऐकू यायचा. मानवी हक्क संघटना बेपत्तांचा आकडा ३० हजार सांगतात.

सोलापूरनं १९३०च्या मे महिन्यात मार्शल लॉ, म्हणजे लष्कराचा अंमल, भोगलाय. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फासावर चढवलं. त्यांच्या पुतळ्यांसमोरून रोज ये-जा करणाऱ्या माणसांनी लष्करी राजवटीचं कौतुक पुढं पाठवावं, याचं मला फार वाईट वाटतं.

ब्राझीलनं १९५८ आणि १९६२ असे लागोपाठ दोन विश्वचषक जिंकले ते लष्करी बंडाच्या आधी. १९७०च्या संघाला पात्रता फेरीत सहाही सामने जिंकून दिले साम्यवादी प्रशिक्षक जुआव साल्दान्या यांनी. राष्ट्राध्यक्ष मेदिची यांना दारिओ हा आघाडीवीर संघात हवा होता, अशी तेव्हा चर्चा होती. त्यांनी त्यांचे मंत्री निवडावेत, संघ मी निवडतो, असं साल्दान्या म्हणाले आणि स्पर्धेच्या तोंडावर त्यांना काढलं गेलं. दारिओ मेक्सिकोला गेला, पण एक मिनिटही खेळला नाही. १९३० ते २०२२ या काळातल्या २२ विश्वचषकांपैकी हुकूमशाही किंवा लष्करी राजवटीतल्या देशांनी जिंकले चारच.

आता भारत. १९५१ आणि १९६२ला आशियाई सुवर्ण, १९५६च्या ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. हे तिन्ही संघ सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवले. ते हैदराबादचे, इथून गाडीत बसलं की काही तासांच्या अंतरावरचे, आणि पेशानं शिक्षक. आपल्या संघटनांचा कारभार वाईट आहे हे मला पूर्ण मान्य आहे. पण तिथं राजकारण्यांचा हात कमी पडलाय, असं कोण म्हणेल? ऑगस्ट २०२२मध्ये बाहेरच्या हस्तक्षेपाचं कारण देऊन फिफानं भारतीय महासंघाला निलंबितच केलं होतं.

राहिला इराक. सद्दामचा मुलगा उदय हुसेन ऑलिंपिक समिती आणि फुटबॉल संघटना दोन्हींचा प्रमुख होता. हरलेल्या खेळाडूंना तो तुरुंगात टाकायचा, तळपायांवर फटके मारायचा, त्यांची डोकी भादरायचा. १९८६च्या विश्वचषकात इराक तिन्ही सामने हरला, गोल केला एकच. २००३मध्ये ती राजवट गेली. पुढच्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये इराक चौथा आला आणि २००७मध्ये, देश यादवीत जळत असताना, सौदी अरेबियाला १-०नं हरवून आशियाई विजेता झाला.

मैदानाच्या कडेला उभे राहून ‘सर, दोन ठेवून द्या त्याला’ म्हणणारे पालक मी पाहतो. मार खाल्लेलं पोर पुढच्या वेळी चेंडू मागतच नाही, कारण चुकलं तर काय होईल हे त्याला ठाऊक असतं. तो मजकूर ज्या ज्या ग्रुपवर टाकलात, तिथं इराकची ही तीन सालं आणि तीन निकालही टाका.