आफ्रिकेच्या सीमारेषा आणि आफ्रिकेची एकी: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडलो, दुसऱ्यांदा त्यातला एक मुद्दा पटला, म्हणून सविस्तर लिहितोय. ‘आफ्रिकेला आज जी सामायिक ओळख आहे, ती तिच्या सीमांमुळेही आहे’ असं मी म्हटलं होतं. तुमच्या मते हे वसाहतवादाला दिलेलं प्रशस्तिपत्र झालं. बर्लिनमध्ये युरोपीय सत्तांनी पट्टीने आखलेल्या रेषा पुसल्याखेरीज आफ्रिका एक होणार नाही, आणि खंडाची ओळख वगैरे पुढाऱ्यांच्या भाषणांपुरतं, सामान्य माणसाला त्याचं सोयरसुतक नाही, असं तुम्ही लिहिलंत.

आधी माझी चूक. बर्लिनबद्दल मीच ढोबळ लिहिलं आणि तुम्ही तेच उचललंत. १८८४-८५ च्या परिषदेत ठरले ते मुख्यतः नियम: किनाऱ्यावर नवा हक्क सांगायचा तर प्रत्यक्ष ताबा हवा, काँगो आणि नायजर नद्या जहाजांना खुल्या राहाव्यात, वगैरे. बहुतेक रेषा पडल्या त्या दोन-दोन सत्तांच्या वेगवेगळ्या करारांतून. १८८९ च्या ब्रिटिश-फ्रेंच करारातून गांबियाची नदीकाठची चिंचोळी पट्टी निघाली. तिन्ही बाजूंना सेनेगल, चौथीकडे समुद्र. १८९० मध्ये जर्मनीने झांबेझी नदी गाठायला आजच्या नामिबियातला कॅप्रिव्हीचा पट्टा मिळवला. त्या नदीने पुढे हिंदी महासागरापर्यंत जाता येईल अशी आशा होती. वाटेत व्हिक्टोरिया धबधबा आहे! असल्या आखणीचं कौतुक मी कशाला करू?

माझा मुद्दा पुढचा आहे. रेषा कोणी ओढल्या हे तुम्ही विचारता; मी विचारतो, त्या ठेवल्या कोणी? मे १९६३ मध्ये अदिस अबाबात ३२ स्वतंत्र देशांनी आफ्रिकी ऐक्य संघटना स्थापली. पाच महिने होतात न होतात तोच मोरोक्को आणि अल्जीरिया सीमेवरून लढले. जुलै १९६४ मध्ये कैरोत ठराव झाला की स्वातंत्र्य मिळताना ज्या सीमा होत्या त्याच सगळ्यांनी पाळायच्या. पुढाकार टांगानिकाचे (आजच्या टांझानियाचा मुख्य भाग) नेते ज्युलियस न्येरेरे यांचा. या गृहस्थांना सीमांचं प्रेम नव्हतं. पूर्व आफ्रिकेचा संघ होणार असेल तर टांगानिकाचं स्वातंत्र्य थोडं लांबलं तरी चालेल, असं ते १९६० मध्ये म्हणत होते. पण एवे लोक घानातही होते आणि टोगोतही. सोमाली लोक सोमालियाशिवाय इथिओपिया, केनिया आणि जिबुतीत विखुरलेले. जवळपास प्रत्येक देशाकडे शेजाऱ्याकडून मागण्यासारखं काही होतं आणि शेजाऱ्याला गमावण्यासारखंही. एकाने दगड हलवला की अख्खा बांध ढासळणार, हे सगळ्यांनाच दिसत होतं. सगळ्यांची अडचण एकच आहे, हे एकमेकांच्या देखत कबूल करणं यालाच मी सामायिक ओळख म्हणतो. भाषा किंवा धर्म एक असण्यापेक्षा ती वेगळी आहे, पण कच्ची नाही. मोरोक्को आणि सोमालियाने ठराव मानला नाही. पुढे १९७७ मध्ये सोमालिया ओगाडेन या सोमाली वस्तीच्या प्रदेशासाठी इथिओपियात घुसला, तेव्हा आफ्रिकेत त्याच्या बाजूने जवळपास कोणी उभं राहिलं नाही.

रेषा पुसायच्या, तर मग कोणती ठेवायची? एरिट्रिया १९९३ मध्ये वेगळा झाला तो जुन्या इटालियन वसाहतीची हद्द पुढे करूनच, आणि पाच वर्षांत नेमकी हद्द कुठली यावरून इथिओपियाशी युद्ध पेटलं.

खरं तर माझ्यावर याहून भारी आक्षेप घेता आला असता. आफ्रिका एक आहे ही कल्पना कैरोच्या ठरावाहून कितीतरी जुनी. १९०० मध्ये लंडनला पहिली अखिल आफ्रिकी परिषद भरवली ती त्रिनिदादच्या हेन्री सिल्व्हेस्टर विल्यम्स यांनी. ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून समुद्रापार नेले गेले, त्यांना घाना-टोगो ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांच्यासाठी मागे राहिली होती ती एक आफ्रिकाच. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांच्या अख्ख्या आफ्रिकेसाठी एकसंघ सरकारच्या आग्रहामागे हा वारसा होता. तेव्हा सीमांनी ओळख जन्माला घातली, असं मी म्हणणार नाही. दुरून आलेल्या त्या कल्पनेला जमिनीवर उभं राहायला जागा दिली, एवढंच.

सामान्य माणसाचं म्हणाल तर झांबिया बघा. समुद्र नाही, तांबं भरपूर, आणि ते बंदरावर न्यायची वाट गोऱ्यांच्या ताब्यातल्या ऱ्होडेशियातून (आजचा झिम्बाब्वे). १९६५ मध्ये ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारने ब्रिटनपासून एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं, त्या वाटेने येणारं इंधन अडलं आणि झांबियात पेट्रोलचं रेशनिंग आलं. गाडी ढकलत नेणाऱ्याला खंडाचं राजकारण समजायला भाषण लागलं नसणार. मग चीनच्या मदतीने दार-ए-सलामपर्यंत सुमारे १,८६० किलोमीटरची रेल्वे बांधली गेली, ती टांझानियाच्या जमिनीवरून. शेजाऱ्याचं बंदर म्हणजे आपला श्वास, हे तिथे पाठ्यपुस्तकातलं वाक्य नव्हतं.

तुमच्या बाजूचंही एक उदाहरण देतो. माली, बुर्किना फासो आणि नायजर हे तिन्ही भूवेष्टित देश जानेवारी २०२५ मध्ये पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक समुदायातून बाहेर पडले. एकी तुटली, हे मान्य. पण निघताना त्यांनी जाहीर काय केलं, तर त्या समुदायातल्या देशांच्या नागरिकांना आमच्याकडे व्हिसाशिवाय येता येईल.

बर्लिनबद्दलचं वाक्य आज मूळ लेखात दुरुस्त करतोय. ‘सीमांमुळेही’ मधला ‘ही’ तुमच्या नजरेतून सुटला असावा. तो तसाच राहील.