सायलेन्सरची धपधप आणि रिंग-पिस्टनचा निकाल

नाशिकमध्ये जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरत आहे. दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली पेट्रोल गाडी उभी असताना थरथरत असेल आणि सायलेन्सरमधून धपधप हवा येत असेल, तर रिंग-पिस्टन (सिलिंडरमध्ये वरखाली होणारा दट्ट्या आणि त्यावरची कडी) संपले असे समजावे, असे त्यात म्हटले आहे. खात्रीसाठी सायलेन्सरसमोर नोट धरावी आणि ती मधूनमधून आत ओढली गेली तर इंजिनचे काम काढावे. पाणी टपकत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचे सील) गेले. आणि रेस दिल्यावर धपधप थांबत असेल तर आयडल (उभ्या गाडीतला इंजिनचा वेग) वाढवून, जाड ऑइल टाकून, कॅटेलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग) काढून गाडी चालवत राहावी, असा पुढचा सल्ला आहे. यातल्या काही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, आणि लोक फसतात ते त्या अर्ध्यामुळेच.

आधी धपधप म्हणजे काय ते पाहू. चार सिलिंडरचे इंजिन ८०० आरपीएमवर फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण ७ वेळा पेटतो. चारही सिलिंडरचे मिळून सेकंदाला सुमारे २७ धक्के सायलेन्सरपर्यंत पोहोचतात आणि कानाला ते सलग ऐकू येतात. एखादा सिलिंडर दुबळा पडला की त्या सलग आवाजात सेकंदाला सातेक खाचा पडतात. तालात पडणारी खाच एकाच सिलिंडरकडे बोट दाखवते. मात्र तो दुबळा का पडला, हे ती सांगत नाही. ठिणगी पाडणारा प्लग खराब, त्याला वीज देणारी कॉइल थकलेली, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर चोंदलेला, व्हॉल्व्ह (झडप) नीट न बसणारा, यांपैकी काहीही असू शकते. धपधप बेताल असेल, कधी इथे कधी तिथे पडत असेल, तर तडकलेला व्हॅक्यूम पाइप, कार्बनने माखलेली थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणाऱ्या हवेचे दार) किंवा अर्धवट उघडा राहिलेला ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला वायू थोडा परत इंजिनात सोडणारी झडप) यांच्याकडे आधी पाहावे. रिंगा बहुधा सगळ्या सिलिंडरमध्ये एकत्रच झिजत जातात. त्यामुळे गाडी ऑइल पिते, चढावर दम सोडते, ऑइलचे झाकण काढले की आतून धुराचा दाब जाणवतो, पण आयडल पुष्कळदा समतोल राहते. म्हणजे संदेशातले लक्षण रिंगांचे नेहमीचे लक्षणच नव्हे.

निळा धूर ही ऑइल जळल्याची खूण, पण तो दिसला म्हणून दोष रिंगांचाच असे नाही. नाशिकहून मुंबईकडे जाताना कसारा घाट गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरला आणि पायथ्याशी पाय दाबताच निळा लोट निघाला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर जातो. कारण थ्रॉटल मिटलेला असताना इनटेकमधला व्हॅक्यूम वाढतो आणि व्हॉल्व्हच्या गाइडमधून (त्याच्या दांड्याभोवतीच्या नळीतून) ऑइल आत खेचले जाते. हाच धूर परतीच्या वाटेवर घाट चढताना सतत दिसला, तर रिंगांचा विचार करावा.

नोटेची चाचणी जुनी आहे आणि निरुपयोगी नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळून नीट बंद होत नसेल, तर पिस्टन खाली जाताना सायलेन्सरच्या बाजूनेही हवा ओढतो आणि कागद आत जातो. परंतु साध्या मिसफायरमध्येही (सिलिंडर मधूनच न पेटला तरी) कागद तसाच लचकतो, आणि रिंगांचा तर या ओढीशी जवळजवळ संबंधच नाही. व्हॉल्व्हची खूण पाहून रिंगांचा निकाल देण्याचा हा प्रकार आहे.

निकाल द्यायचाच असेल, तर आधी गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावावा. पी ०३०१ ते पी ०३०४ हे कोड कोणता सिलिंडर मिस मारतो ते सांगतात. त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहावी. कोडही तिकडे सरकला, तर दोष कॉइलचा. नाही सरकला, तर प्लग अदलाबदल करून पाहावा आणि मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) मोजावे: इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने इथे गेजवरचा आकडा पुस्तकातल्या आकड्यापेक्षा थोडा कमी येणारच, म्हणून सिलिंडरची तुलना एकमेकांशी करावी. समजा तीन सिलिंडर १६५ पीएसआय दाखवतात आणि एक ११०. त्या एकात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा दोषी, हलला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह.

सीएनजीवर चाललेल्या गाडीत तर टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) आधी तपासावा. गॅस कोरडा असल्याने व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, गॅप कमी होतो आणि इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीला एका गॅरेजने हाफ इंजिनचे काम सांगितले होते. दुसरीकडे टॅपेट सेट केल्यावर धपधप थांबली. अर्थात व्हॉल्व्ह जळण्याआधी लक्ष गेले, हा नशिबाचा भाग होता.

पाणी टपकण्याचा मुद्दा लवकर संपतो. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडते, आणि डिसेंबरच्या नाशिकच्या सकाळी ते थंड सायलेन्सरमध्ये थेंब होऊन गळते. इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला आणि कूलंट घटत गेले, तरच गॅस्केटचे नाव घ्यावे.

रेस दिल्यावर धपधप थांबली म्हणजे चिंता नाही, हे मात्र सरळ चूक आहे. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, त्यामुळे पाइपमधून शिरणारी थोडी हवाही मिश्रण बिघडवते; रेस दिल्यावर तीच गळती नगण्य होते. किंचित गळणारा व्हॉल्व्हही वेग वाढला की सावरल्यासारखा वाटतो, कारण हवेला निसटायला वेळच कमी मिळतो. शिवाय इंजेक्शनच्या गाडीत आयडल संगणक ठरवतो. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवला, तर त्याचा अंदाजच चुकतो.

जाड ऑइल जळलेला व्हॉल्व्ह जोडत नाही, यापलीकडे त्याबद्दल बोलण्यासारखे काही नाही.

कॅटेलिटिक कन्व्हर्टर बहुधा रोगाचा बळी असतो. मिस मारणाऱ्या सिलिंडरचे न जळलेले पेट्रोल त्यात पेटते आणि तो आतून वितळतो. तो काढला तरी मिसफायर तसाच राहतो आणि पीयूसीला गाडी अडकते. खरे तर पीयूसीची पावतीच इथे कामी येते, कारण पेट्रोल गाडीची ती चाचणी आयडलवर होते. बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. पहिला आकडा ठीक आणि दुसरा भरमसाट असेल, तर पेट्रोल न पेटताच बाहेर पडत आहे; पहिलाच वाढलेला असेल, तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. मागच्या दोन-तीन पावत्या काढून शेजारी ठेवल्या, तर बिघाड केव्हा सुरू झाला तेही कळते.