धूर कुठून जाणार?

हॉटेलसाठी गाळा बघायला माणसाने एकट्याने जावं. मी भागीदाराला सोबत नेलं. शटर अर्धंही वर गेलं नव्हतं, तोवर त्याने खुर्च्यांचा रंग ठरवला होता. पांढरा.

उपनगर शहराला अगदी खेटून. अशा ठिकाणी भाडं शहराकडे बघून ठरतं आणि गिऱ्हाईक मात्र रात्री साडेआठलाच उपनगरासारखं झोपायला जातं.

"साठ चौरस मीटर, साहेब. सोनं आहे सोनं," ब्रोकर म्हणाला. मी खिशातून टेप काढली. टेप दिसताच त्याचा चेहरा असा झाला, की जणू मी त्याच्या घरच्या ताटात केस शोधतोय. भिंतीपासून भिंतीपर्यंत ४७ भरले.

"उरलेले १३?"

"जिन्यात गेले. थोडे भिंतींत."

४७ मधला तिसरा हिस्सा, म्हणजे १६, स्वयंपाकघराचा. कोठी, काउंटर आणि दोन स्वच्छतागृहांचे ९. उरले २२. माणशी दीड चौरस मीटर धरलं तर खुर्च्या १४, त्यातही एकीच्या पोटात मधला खांब. भागीदार ५० खुर्च्यांचा हिशेब मांडून आला होता. "खांबाला आरसे लावू, जागा दुप्पट दिसेल," तो म्हणाला. आरशातली माणसं बिल देत नाहीत, हे मी त्याला सांगितलं नाही. पुढे बरंच ऐकायचं होतं त्याला.

मीटरवरचा मंजूर लोड ५ किलोवॅट. आमच्या यादीतला ओव्हन एकटाच ९ खाणार. "वाढवून घेता येतो," ब्रोकर म्हणाला. कुणाच्या खर्चाने, यावर त्याला नेमका फोन आला.

मग मी मागच्या मोरीत बादलीभर पाणी ओतलं. पाणी तिथेच थांबून विचार करत राहिलं. गटाराचं तोंड पुढच्या रस्त्याला, स्वयंपाकघर मागे, मधलं अंतर १२ मीटर. पाइपला ४० ला १ उतार द्यायचा तर मागची जमीन ३० सेंटिमीटर उचलावी लागणार. म्हणजे आमचा स्वयंपाकी आमच्यापेक्षा फूटभर उंचावर उभा राहणार. तसा तो सगळीकडे राहतोच म्हणा. शिवाय तेलकट पाणी थेट गटारात सोडायचं नाही. आधी ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल अडवणारा डबा, बसवायचा, आणि तो नियमाने उपसायचा. कोण उपसणार, या प्रश्नावर भागीदार पुन्हा खांब न्याहाळू लागला.

शेवटी मी मुद्द्याचं विचारलं. वर तीन मजले, तिथे माणसं राहतात. भट्टीचा धूर गच्चीच्याही वर नेऊन सोडायला हवा. डक्ट कुठून चढवायचा?

"होऊन जाईल."

"पण कुठून?"

"होऊन जाईल, साहेब."

"माझ्या खिडकीवरून नाही!" वरून आवाज आला. पहिल्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालताघालता सगळं ऐकत होत्या. पाच मिनिटांत त्यांनी ब्रोकरने अर्ध्या तासात सांगितलं नव्हतं तेवढं सांगितलं: पावसात गटार उलटं येतं, संध्याकाळी सगळी वर्दळ समोरच्या फुटपाथवरून जाते, आणि आम्ही चौथे.

मी टेप गुंडाळली. भागीदाराने तरी मान वर करून विचारलंच, "काकू, खुर्च्या पांढऱ्या बऱ्या दिसतील ना?"

"काळ्याच घ्या," काकू म्हणाल्या. "आधीच्या तिघांच्याही शेवटी काळ्याच झाल्या होत्या."