नखं कापायला किती तास लागतात?

आज मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना, झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये बैठक होती. तिथून आल्यापासून जेवणही गेलं नाही, म्हणून लिहायला बसले. लांबलचक होणार आहे. ज्यांना वेळ असेल त्यांनी वाचा.

चर्चच्या युथ गटातल्या मुलांसाठी कमिटीचं ‘सेवा कार्ड’ काढायचं चाललंय. छापलेला नमुना सगळ्यांच्या हातातून फिरवला. जाड पिवळा कागद, त्यावर रकाने. तारीख, कोणाच्या घरी गेलात, काय काम केलं, किती तास, घरातल्या मोठ्या माणसाची सही. खाली ठळक अक्षरात एक ओळ, फोटो ग्रुपवर टाकणे आवश्यक. ज्याचे तास सर्वात जास्त त्याला सणाच्या दिवशी वेदीसमोर ट्रॉफी. दृढीकरण संस्काराआधी, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायच्या विधीआधी, प्रत्येकाने ठरावीक तास भरलेच पाहिजेत, हेही त्यात आलं. वर एक गृहस्थ म्हणाले, “नाहीतर ही पोरं करतात काय? बाइकवरून हिंडायचं आणि नाताळात कॅरल म्हणायची.” त्याच हॉलमध्ये मागे भिंतीला टेकून चारपाच पोरं उभी होती. सकाळी खुर्च्या त्यांनीच लावल्या होत्या. मान खाली घालून ऐकत होती बिचारी.

माझं डोकं तिथेच फिरलं. कारण ज्यांना तुम्ही रिकामटेकडी म्हणताय, त्यांनी माझ्या आईची नखं कापली आहेत.

आमची आई तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. लाल लुगडं, कानात सोनं, पहाटेच्या लोकलने भाजीची पाटी घेऊन मुंबईला जाणारी. आपल्या वसईतल्या त्या पिढीच्या बायका कशा होत्या ते मी काय सांगू. घरात पडायचं निमित्त झालं, खुब्याचं हाड मोडलं आणि ती खाटेला खिळली. मी नोकरीवर, भाऊ परदेशात, दिवसा सांभाळायला एक बाई. दर शनिवारी संध्याकाळी युथची दोन-तीन मुलं यायची. कोणी पाठवलं होतं का? फादरांनी एकदा धर्मशिक्षणाच्या वर्गात खाटेवरच्या म्हाताऱ्यांची नावं वाचून दाखवली होती, बस, एवढंच. पुढचं मुलांनी आपसात ठरवलं.

त्यातला एक दहावीतला मुलगा. उंच, किडकिडीत, घरात शिरताना वाकायचा. एकदा त्याला आईच्या पायाची नखं दिसली. जन्मभर वाडीच्या चिखलात अनवाणी चाललेले पाय ते. नखं जाड, पिवळी, आत वळलेली. बाईने दोनदा प्रयत्न करून सोडून दिलेला. तो काही बोलला नाही. पुढच्या शनिवारी खिशात मोठं नेलकटर घेऊन आला.

आईने लुगड्याचा काठ पायांवर ओढून घेतला. परक्या मुलाने पायाला हात लावायचा म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं. तो म्हणाला, “आजी, माझ्या आजीची मीच कापतो.” मग माझ्याकडे कोमट पाणी मागितलं. घमेल्यात तिचे पाय बराच वेळ भिजवले, नखं मऊ होईपर्यंत तिच्याशी आपल्या सामवेदी बोलीत गप्पा मारत बसला. कोणत्या आळीतला, कोणाचा नातू, त्यांच्या विहिरीला अजून पाणी आहे का, सगळं तिने विचारून घेतलं. एकेक नख थोडं थोडं करून कापलं. शेवटी टॉवेलच्या टोकाने बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या. ओल राहिली तर खाज सुटते म्हणाला. दहावीतलं पोर!

आता हे त्या पिवळ्या कार्डावर कुठे लिहायचं? ‘काम’ या रकान्यात ‘नखे’? आणि ‘तास’ मध्ये? पाऊण तास? पाऊण तासाला किती गुण देणार आहात तुम्ही? आणि फोटो! माझ्या आईच्या त्या पायांचा फोटो अख्ख्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या सगळ्या घरांच्या, ग्रुपवर? जी बाई डॉक्टरांसमोरसुद्धा पाय झाकून घ्यायची, तिचा?

त्या दिवशी त्याला मोबाइल काढायला लावला असता ना, तर आईने त्याला पुन्हा घरात येऊ दिलं नसतं. तिचं बरोबरच होतं.

मान्य आहे, फोटो बघून दुसऱ्या मुलांना हुरूप येतो, देणगीही मिळते. ठीक आहे. सफाई मोहिमेचे टाका, झाडं लावली त्याचे टाका. आजाऱ्याच्या खाटेपाशी नको.

आपण बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला पंचविसावा अध्याय दरवर्षी ऐकतो. येशू म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलं, आजारी होतो, तुम्ही माझ्याकडे आलात. त्यावर ती नीतिमान माणसं काय विचारतात? प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांना आठवतच नाही! त्यांच्याकडे यादी नव्हती, तास मोजलेले नव्हते. हेच वचन वाचून दाखवायचं आणि पाठोपाठ कार्ड वाटायचं, हे कसं जमतं लोकांना? डोंगरावरच्या प्रवचनात तर सरळच सांगितलंय की दान देताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. आणि आपण ग्रुपवर टाकणार.

‘ही पोरं काय करतात’ हा टोमणाही नवीन नाही म्हणा. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या मित्रांना हेच ऐकावं लागलं होतं. चर्चच्या जुन्या थोरवीच्या गोष्टी सांगता, आज गरिबांसाठी काय करता ते दाखवा. ओझानाम तेव्हा 20 वर्षांचा होता. वाद घालत बसण्यापेक्षा तो उठला. सांगतात की हिवाळ्यासाठी ठेवलेली उरलीसुरली जळाऊ लाकडं तो आणि त्याचा एक मित्र एका गरिबाच्या घरी देऊन आले. त्यातून सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. आज आपल्या कितीतरी चर्चमध्ये जी मंडळी निमूटपणे कोणाच्या घरी तांदूळ, कोणाला औषधं पोचवतात, त्यांची सुरुवात ही. लाकडाच्या मोळीपासून.

मागच्या वर्षी, 7 सप्टेंबर 2025 ला, पोप लिओंनी ज्या दोघांना संत जाहीर केलं ते दोघंही तरुणच. कार्लो अकुतिसचं पोस्टर आपल्याकडे पोरांच्या खोल्यांतसुद्धा लागलंय, 15 व्या वर्षी गेलेला मुलगा. दुसऱ्याबद्दल कमी बोललं जातं, म्हणून मी सांगते. पिएर जॉर्जो फ्रासाती, इटलीतल्या तुरिन शहरातला. वडील मोठ्या वृत्तपत्राचे मालक, घरात कशाची ददात नाही. 17 व्या वर्षी याच विन्सेंट डी पॉलच्या कामात शिरला. गरिबांच्या खोल्यांवर जायचा, औषधं न्यायचा, गाडीभाड्याचे पैसे देऊन टाकायचा आणि मग घरी पायी यायचा. 1925 मध्ये, अवघ्या 24 व्या वर्षी, पोलिओने गेला. अंत्ययात्रेला तुरिनचे गोरगरीब रस्त्यावर लोटले तेव्हा घरच्यांना कळलं की आपला मुलगा इतकी वर्षं काय करत होता. सख्ख्या आईबापांना पत्ता नव्हता! त्याला आपल्या कमिटीने विचारलं असतं, बाबा रे, सह्या कुठे आहेत?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. कमिटीतली माणसं वाईट नाहीत, हे मलाही कळतं. त्यांना भीती वाटते की मुलं चर्चपासून तुटतील. शाळा, क्लास, पुन्हा क्लास, त्यात मोबाइल. दहावीच्या वर्षात आईबापच मुलांना सांगतात, यंदा काही नको, घरी बस. मग काहीतरी आमिष दाखवून त्यांना धरून ठेवावंसं वाटतं. आणि एक गोष्ट मी पूर्ण मानते, लहान मुलांना कोणाच्या घरी एकटं पाठवू नये, दोघं-तिघं असावीत, कुठल्या घरात जाताहेत ते एका मोठ्या माणसाला ठाऊक असावं. तेवढी वही ठेवा. ती मुलांच्या रक्षणासाठी आहे, ट्रॉफीसाठी नाही.

पण आमिषाने आलेलं पोर माझ्या आईजवळ बसलं नसतं. ते घड्याळ बघत बसलं असतं, आणि म्हाताऱ्या माणसाला ते लगेच कळतं. आई शनिवारी दुपारपासून बाईकडून केस विंचरून घ्यायची. त्या गटात एक मुलगी होती, आठवीतली असेल, ती फक्त चहाचा कप धरायची. आईचा हात थरथरायचा म्हणून. घोट-घोट पाजायची, मध्ये हनुवटी पुसायची, घाई नाही. एक मुलगा नुसता क्रिकेटचा स्कोर सांगायला यायचा असं मला वाटायचं. असेनाका! आईला क्रिकेट कळत नव्हतं, तरी ती ‘मग पुढे?’ म्हणायची.

आई गेली त्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर अंगणात खुर्च्या मांडून झालेल्या, मांडवाची ताडपत्री बांधणं चाललेलं. तो उंच मुलगा बांबूवर चढला होता. तोवर कॉलेजला गेला होता, शनिवारचं येणं कमी झालं होतं. त्याला कोणी फोन केला नव्हता. आम्ही केलेला नाही, नक्की.

म्हणून परत भडकले बघा मी. त्याच मुलाचा धाकटा भाऊ आज हॉलमध्ये मागे उभा होता, ‘नुसती हिंडतात’ हे ऐकत. ज्या गृहस्थांनी ते वाक्य टाकलं, त्यांच्या वडिलांकडेसुद्धा ही मुलं जातात. त्यांना माहीत नसावं, दुपारी ते घरी नसतात. मी तिथे उभं राहून बोलले, पण ‘ताई, आपण नंतर बघू’ म्हणून विषय पुढे ढकलला.

तर पुढच्या बैठकीला जे पालक या मुलांना ओळखतात त्यांनी या. गप्प बसू नका, मी एकटी पडते. मुलांनाही बोलू द्या, त्यांना अजून कोणी विचारलेलंच नाही. आणि ते कार्ड शेवटी छापलंच, तर ‘घरच्या मोठ्या माणसाची सही’ या रकान्यात माझी सही मिळणार नाही. मुलांनी यायचं तेव्हा यावं, आता माझ्या सासूबाई खाटेवर आहेत, घमेलं आहे, पाणी तापवून ठेवीन.