सिनेमाची वाट आपण लावायची आणि नावं दिग्दर्शकाला ठेवायची

मला एक सांगा, अख्खा सिनेमा दीडपट स्पीडवर बघणाऱ्या माणसाने "एडिटिंग फारच घाईघाईचं वाटलं, पात्रांना श्वास घ्यायलाच वेळ दिलेला नाही" असं मत मांडावं का? आणि मांडलंच तर बाकीच्यांनी त्याला धडाधड अंगठे द्यावेत का? आमच्या सिनेमावाल्या ग्रुपमध्ये हे झालंय, आणि स्पीडचं त्या पठ्ठ्याने स्वतःहून सांगितलं, कुणी विचारलंही नव्हतं. "मी हल्ली सगळं वन पॉइंट फाइव्हवरच बघतो, वेळ वाचतो." वर हसणारा इमोजी.

वाचतो ना वेळ, नक्की वाचतो. दोन तासांचा सिनेमा ऐंशी मिनिटांत संपतो, एवढं गणित मलाही येतं. मग ती वाचलेली चाळीस मिनिटं हा गडी तो सिनेमा कुठे कुठे फसलाय ते टाइप करण्यात घालवतो.

आता आमच्या ग्रुपची पद्धत अगदी साधी आहे. आठवड्याला एक सिनेमा ठरवायचा, ज्याने त्याने सवडीने बघायचा, रविवारी त्यावर बोलायचं, कधीतरी कुणाच्या तरी घरी जमून एकत्र बघायचा. फी नाही, परीक्षा नाही, हजेरी नाही. नसेल बघायचा तर नका बघू ना बाबांनो, कुणी पकडून आणलंय का तुम्हाला? पण नाही, बघितला म्हणायची हौस आहे, मत द्यायची तर त्याहून जास्त हौस आहे, फक्त मधलं ते बघायचं काम तेवढं कटकटीचं वाटतं.

स्पीडचंच घ्या. एखाद्या पात्राला वाईट बातमी कळते, ते काही बोलत नाही, उठतं, पाण्याचा ग्लास उचलतं, न पिताच खाली ठेवतं आणि मग नुसतं "बरं" म्हणतं. तो ग्लास खाली ठेवल्यावर "बरं" यायला किती वेळ लागावा यावर एडिटर आणि दिग्दर्शक डोकेफोड करून बसलेले असतात, इकडे चार फ्रेम कमी, तिकडे सहा जास्त असं करत करत तो सीन बांधलेला असतो. आणि आमचे साहेब तो पळवणार आणि वर विचारणार की त्या बाईला काही वाटलंच नाही का, किती थंडपणे बोलली! नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये ही स्पीड बदलायची सोय तपासून बघितली तेव्हा जड अपाटो, ब्रॅड बर्ड वगैरे दिग्दर्शक जाहीरपणे भडकले होते, तरी २०२० मध्ये ती अँड्रॉइडवर आलीच. आणि यायला माझी हरकत नाही बरं का, ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना सबटायटल वाचायला हळू स्पीड कामी येतो, अंध लोकांपैकी बऱ्याच जणांना वेगाने ऐकायची सवय असते, त्यांच्यासाठी ती सोय झकास आहे. पण तुला काय झालंय? तुला कुठली गाडी पकडायची आहे?

हे एकाच माणसापुरतं असतं तर मी एवढं लिहिलंही नसतं. डोकं फिरलंय ते कारण आता हाच पॅटर्न झालाय. बघताना आपणच सिनेमाची वाट लावायची आणि जे बिघडलं ते दिग्दर्शकाच्या नावावर खपवायचं.

मागे एका दादांकडे जमलो होतो. त्यांचा नवीन टीव्ही, हा एवढा मोठा, उत्साह दांडगा, माणूस खरंच चांगला. सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या मिनिटातच मला कळलं की मोशन स्मूदिंग चालू आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सिनेमा साधारण सेकंदाला २४ फ्रेमने, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी, चित्रित होतो, टीव्हीचा पडदा सेकंदाला ६० किंवा १२० वेळा बदलतो, मग टीव्ही काय करतो की दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनाने बनवलेल्या फ्रेम घुसवतो. क्रिकेटची मॅच बघायला बरं पडतं ते. पण सिनेमा त्यावर असा दिसतो की सगळं कालच हँडीकॅमवर शूट केलंय, माणसं चालत नाहीत तर घसरतात, आणि कॅमेरा जरा जोरात वळला की कडेने चित्र फाटल्यासारखं होतं. नट टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी या दोघांनी २०१८ च्या डिसेंबरमध्ये खास व्हिडिओ करून लोकांना विनवलं होतं की बाबांनो हे घरी बंद करा. २०१९ मध्ये तर टीव्ही कंपन्यांनी फिल्ममेकर मोड म्हणून वेगळी सोयच जाहीर केली, एका बटणात हे सगळे उद्योग बंद.

मी हळूच म्हटलं, दादा, जरा मेनूत जाऊन एक सेटिंग बंद करू का? तर दादा रिमोट मांडीखाली सरकवत म्हणाले, "नको नको, कंपनीचा माणूस येऊन सगळं लावून गेलाय, उगाच बिघडेल. आणि बघ ना किती स्मूथ दिसतंय!" दिसतंय ना, तेच तर दुखणं आहे. गप्प बसलो, यजमानाशी काय भांडायचं. आणि रविवारी दादांचंच पहिलं मत आलं, "स्टोरी ठीक, पण फोटोग्राफी अगदी टीव्ही सिरियलसारखी वाटली, बजेट कमी असावं." दादाऽऽ! ज्या सिनेमॅटोग्राफरने धुकं पडायची वाट बघत दिवसच्या दिवस काढले असतील त्याच्या कामावर तुमच्या टीव्हीने पाणी ओतलं, आणि बजेट त्याचं कमी?

बरं, ते वरखाली काळ्या पट्ट्या आल्या की झूम करणारे वेगळेच. "एवढा मोठा टीव्ही घेतला आणि अर्धा काळाच दिसतोय." अर्धा नाही हो, साधारण पाव. रुंद पडद्यासाठी काढलेला सिनेमा २.३९ ला १ या मापाचा असतो, तुमचा टीव्ही १६ ला ९, म्हणून पट्ट्या येतात, त्यात काही हरवलेलं नसतं. पण झूम करून पडदा भरलात तर दोन्ही बाजू मिळून चित्राचा पाव भाग खरोखर कापला जातो. एका सीनमध्ये दोन पात्रं टेबलाच्या दोन टोकांना बसून भांडतायत, आणि यांच्या पडद्यावर एकाचं नुसतं नाक दिसतंय आणि दुसरा भिंतीशी बोलतोय. मत काय आलं? "फ्रेमिंग फारच कोंदट." जुना चौकोनी सिनेमा असला की उलटा प्रकार, तो ताणून रुंद करायचा, सगळी पात्रं सुजल्यासारखी दिसतात, पण ते चालतं, पडदा भरला म्हणजे झालं.

आवाजाचंही तेच, "संवाद ऐकूच येत नाहीत." फाइव्ह पॉइंट वन, म्हणजे खोलीभर लावायच्या सहा स्पीकरांसाठी केलेल्या आवाजात, संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात, तुमच्याकडे तो स्पीकरच नाही, टीव्हीचे दोन पिटुकले स्पीकर पाठीमागे तोंड करून बसलेत, निदान ऑडिओ ट्रॅक तरी स्टिरिओचा लावा. काही दिग्दर्शक मुद्दाम संवाद दाबतात हे मला मान्य आहे, तिथे शिव्या घाला, मीही घालीन तुमच्याबरोबर. पण दर आठवड्याला दर सिनेमाचं साउंड मिक्सिंग भिकार कसं असेल? आणि डबिंगवर बघून "अ‍ॅक्टिंग ओव्हर वाटली" म्हणणारे महाभाग! ज्याचा आवाज तुम्ही ऐकलात तो त्या सिनेमात नव्हताच ना, तो स्टुडिओत माइकसमोर उभा होता. डबिंग बघा, खुशाल बघा, सगळ्यांना सबटायटल झेपत नाहीत, पण मग अभिनयाला किती मार्क ते तरी सांगू नका.

आणि फोन. या फोनवर मी स्वतंत्र लिहू शकतो. एकत्र बघताना माझ्या शेजारी एक जण बसतो, नेहमी माझ्याच शेजारी का बसतो देव जाणे, तो संवाद असेल तर पडद्याकडे बघतो आणि शांतता आली की खाली. त्याचा अंगठा तसा वर वर सरकत असतो, निळा उजेड हनुवटीवर. म्हणजे ज्या जागी दिग्दर्शक काहीतरी दाखवतोय नेमक्या त्याच जागी हा रील्स बघतोय, कारण त्याच्या मते कुणी बोलत नाही म्हणजे काही चाललेलं नाही. मग मान वर करून, "हा कोण?" हा तोच रे, दाढी काढलीये त्याने, आत्ता दोन मिनिटं आरशासमोर तेच चाललं होतं. "मग त्याने का काढली?" अरे तेच तर सगळं त्या आरशात होतं! रविवारी मत, "प्लॉटमध्ये बरेच होल्स आहेत." आहेत तर, आणि प्रत्येक होल बरोबर तुझ्या एका रीलच्या लांबीचं आहे.

न बघताच बोलणाऱ्यांचं तर विचारूच नका, उचलली जीभ लावली टाळ्याला. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या साइटचा आकडा आणून आदळायचा, "छप्पन्न टक्के आहे, बघायचाच कशाला." तो आकडा म्हणजे सिनेमाला मिळालेले मार्क नव्हेत हे किती वेळा सांगायचं? शंभरातल्या किती समीक्षकांना सिनेमा एकंदर आवडला, एवढंच त्यातून कळतं. सगळ्यांनी नुसतं 'बराय' म्हटलं तरी शंभर टक्के येतील, आणि निम्म्यांना तो वर्षातला सर्वोत्तम वाटला, निम्म्यांना असह्य झाला, तर पन्नास. खरं तर बघायची उत्सुकता या दुसऱ्याची वाटायला हवी. आणि पुन्हा हेच लोक शेवट वाचून येतात आणि ग्रुपमध्ये फोडतातही. हिचकॉकने १९६० मध्ये 'सायको'च्या वेळी थिएटरवाल्यांना बजावून ठेवलं होतं की सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, कारण तेव्हा लोक वाटेल तेव्हा मधूनच शिरायचे. शिवाय शेवट कुणाला सांगू नका अशी प्रेक्षकांना विनंती. त्याला दारावर माणसं तरी उभी करता आली. आमच्या ग्रुपमध्ये दार कुठे लावायचं?

आता कुणीतरी म्हणणारच, "तू स्वतःला फार शहाणा समजतोस, प्रत्येकाचं मत वेगळं असू शकतं." असू दे ना! ग्रुपमध्ये एक ताई आहेत, माझ्या आवडत्या सिनेमांपैकी निम्मे त्यांना सहन होत नाहीत. पण त्या सांगतात कसं, की जिन्यातल्या त्या सीनमध्ये मुलगी रडताना कॅमेरा तिच्या बापावर ठेवलाय, दिग्दर्शकाला तिच्यापेक्षा बापाचीच दया जास्त आलीये, तिथून मनातून उतरला सिनेमा. यावर मी त्यांच्याशी तासभर भांडलो, आणि त्या महिन्यातली ती सगळ्यात भारी चर्चा होती, कारण दोघांनीही तो जिना बघितलेला होता. "स्लो आहे", "ओव्हररेटेड", "वन टाइम वॉच" यांच्याशी काय भांडणार? आणि गंमत म्हणजे ताईंच्या त्या मेसेजला एकच अंगठा होता, माझा. "स्लो आहे"ला रांग.

तर येत्या रविवारपासून मी प्रत्येक मताखाली तीनच प्रश्न टाकणार आहे, कशावर बघितलास, कुठल्या स्पीडने, आणि फोन कुठे होता. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, पण मग माझ्याकडून "हो ना, खरंय" याची अपेक्षाही ठेवू नका. आणि अ‍ॅडमिन महाशयांनी "ग्रुपचं वातावरण खराब होतंय, जरा सांभाळून घे" असा मेसेज परत मला पर्सनलवर पाठवायची तसदी घेऊ नये, मागचा वाचलाय मी, उत्तर देणार नाहीये.