हिरवं दाखवा न् आत जा!

2021 सालचा कोरोनाकाळ. त्या दिवशी सकाळी नाशिकच्या सातपूरला कंपनीच्या गेटवर पुन्हा तेच. "आरोग्य सेतू दाखवा." म्हणजे सरकारचं ते कोरोनाचं ॲप. दाखवलं. हिरवं. म्हणजे धोका नाही! वॉचमनकाकांनी लांबूनच मान हलवली. माझं ब्लूटूथ बंद होतं, लोकेशन बंद होतं, पण हिरवं ना? मग जा! माझ्या मागचा तर रुमालात खोकत होता. ॲपच्या ताप-खोकल्याच्या प्रश्नांना त्याने सरळ नाही, नाही, नाही ठोकलेलं. तोही हिरवा!

अरे, ते गेटपास होतं का? ब्लूटूथवरून दोन मोबाइल एकमेकांची नोंद ठेवायचे, पुढे एक जण पॉझिटिव्ह निघाला तर दुसऱ्याला कळायचं, एवढीच ती गंमत. म्हणजे दोघांकडेही पाहिजे, दोघांचंही चालू पाहिजे. निम्म्या गावाने घेतलं तरी भेटणाऱ्या दोघांकडेही असायची शक्यता चारात एक! हे कुणी दोन मिनिटं थांबून सांगितलं असतं तर लोकांनी आपणहून चालू ठेवलं असतं. पण नाही. "नसेल तर आत नाही," संपलं. 2020 मध्ये 1 मेला सरकारने कर्मचाऱ्यांना ॲपची सक्ती केली, 17 मेला स्वतःच 'शक्यतो'वर आलं. आमच्या साहेबांपर्यंत ते 'शक्यतो' 2021 उजाडलं तरी पोचतच होतं!

आणि नाशिककरांना शिकवू नका. कोरोनाचंच 'महाकवच' ॲप काय, क्वारंटाइनवाल्यांची सेल्फीवर हजेरी काय, सगळं बघून झालं होतं. 2021 मध्ये तर बाजारात शिरायला 5 रुपयांची पावती, तासाभरात बाहेर पडलं नाही तर 500 दंड. तेही मुकाट्याने भरलं. पण निदान कशासाठी ते तरी सांगायचं ना राव!

खरं डोकं फिरलं ते आईवरून. पेन्शन काढायला सिडकोतल्या बँकेत गेली. बटनांचा फोन. "ॲप नाही? मग बाहेर थांबा." पंचाहत्तरीची बाई, उन्हात! साध्या फोनवाल्यांसाठी तेव्हा 1921 वर मिस्ड कॉल देऊन तब्येतीची माहिती द्यायची सोय होती. ते दारावरच्या माणसाला ठाऊक नाही, मॅनेजरला नाही, तिथं एक कागदही चिकटवलेला नाही. मीच फोनवरून आईला सांगितलं. तिने मिस्ड कॉल दिला, उलटा फोन आला, सगळ्या प्रश्नांची नीट उत्तरं दिली आणि तो डबडा फोन त्या गार्डसमोर धरला.

तो म्हणतो, "ते ठीक आहे आजी, पण हिरवं कुठंय?"